फेब्रुवारीचे तीनशे

टेबलावर तीन सॅलरी स्लिपा ओळीनं मांडलेल्या होत्या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. एकूण पगार 58,500. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे 1,800 वजा, व्यवसाय कराचे 200 वजा, हातात 56,500. कंपनीचं बोधचिन्ह जागच्या जागी, गोल शिक्का स्वच्छ उठलेला, सही निळ्या शाईची. मी तिन्ही कागद दोनदा वाचले, वजाबाकी करून पाहिली. बरोबर होती. सोबतच्या बँक स्टेटमेंटमध्येही तिन्ही महिने 56,500 जमा झालेले दिसत होते.

काकांनी फेब्रुवारीच्या स्लिपेवर नुसतं बोट ठेवलं. "इथं तीनशे हवे होते."

महाराष्ट्रात एवढा पगार असलेल्याचा व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये. तो अकरा महिने दोनशेनं कापला जातो आणि फेब्रुवारीत तीनशेनं. खऱ्या कंपनीचं पगाराचं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, कुणाला आठवणही ठेवावी लागत नाही. ज्यानं या स्लिपा घरी बसून तयार केल्या त्यानं जानेवारीची प्रत काढली, महिन्याचं नाव बदललं आणि पुढं गेला. फेब्रुवारीत हातात 56,400 पडायला हवे होते. स्लिप आणि स्टेटमेंट एकमेकांशी जुळवण्याची काळजी त्यानं घेतली होती. दोन्हींत तेच शंभर रुपये चुकले होते.

हे कार्यालय पुण्यात आहे. बँका आणि गृहकर्ज देणाऱ्या संस्था अर्जदारांची कागदपत्रं इथं पाठवतात, आणि ती खरी की बनावट याचा अहवाल इथून जातो. काका एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षं होते, निवृत्तीनंतर इथं आले. त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी बसते. काका बोलतात, ती लिहून घेते, आणि संध्याकाळपर्यंत त्या बोलण्याचा नियम होतो: राज्य महाराष्ट्र, महिना फेब्रुवारी, कर दोनशे, तर फाइल बाजूला काढ. दिवसाला शेकड्यांनी कागद वाचताना माणसाची नजर दुपारनंतर मंदावते. यंत्राची मंदावत नाही. पण कुठं बघायचं हे यंत्राला आधी कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणं कसं घडतं हे बघायला मी तिथं चार दिवस बसलो होतो.

बनावट कागद ओळखायचा तर शिक्का, सही, कागदाचा पोत बघायचा, अशी माझीही समजूत होती. खरं तर तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणानंतर महाराष्ट्रात ही समजूत कुणाचीच उरायला नको होती. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रं तेलगीपर्यंत पोचली होती. 2001 मध्ये अजमेरला तो पकडला गेला, तोवर त्याचे मुद्रांक बँका, विमा कंपन्या आणि शेअर दलालांच्या कचेऱ्यांतून फिरत होते, आणि हाताळणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आता तर शिक्का उमटवायला यंत्रही लागत नाही, मोबाइल पुरतो.

काका म्हणाले, "दिसण्यावर जाऊ नका. कागदाची उलटतपासणी घ्या." म्हणजे एकाच कागदातल्या दोन गोष्टी, किंवा दोन वेगळे कागद, किंवा कागद आणि कॅलेंडर समोरासमोर उभे करायचे आणि त्यांच्या जबान्या जुळतात का बघायचं. खऱ्या कागदात या सगळ्या गोष्टी एकाच व्यवहारातून आलेल्या असतात, म्हणून त्या न ठरवता जुळतात. बनवणाऱ्याला त्या एकेक करून जुळवाव्या लागतात, आणि त्याला माहीत नसलेली एखादी गोष्ट राहूनच जाते.

ही उलटतपासणी आपल्या इतिहास संशोधकांना चांगली ठाऊक आहे. पानिपतच्या लढाईचा दिवस घ्या: 14 जानेवारी 1761, बुधवार. त्या दिवशीच्या मराठी कागदात शके 1682 येईल, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी; किंवा शुहूर सन येईल 1161, आणि तोही आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत, इहिदे सितैन मया व अलफ असा. यातला शक पाडव्याला बदलतो, शुहूर सन मृग लागताना, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. त्याच वर्षी जुलैत लिहिलेल्या पत्राला शके 1683 आणि शुहूर 1162 हवा; पण पाडव्यापासून मृगापर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत शक नवा आणि शुहूर सन जुनाच असतो. पन्नास वर्षांनी बसून मागची तारीख घालणारा माणूस नेमका या मधल्या महिन्यांत फसू शकतो. जंत्री उघडून तिथी, वार, संवत्सर आणि सन ताडून बघणारा संशोधक जे करतो, तेच या कार्यालयातलं यंत्र फेब्रुवारीच्या तीनशे रुपयांशी करतं.

दुसरी खूण अकाली उगवलेल्या गोष्टीची. राज्याभिषेक शक 6 जून 1674 ला सुरू झाला. त्याआधीची तारीख घातलेल्या पत्रात तो शक आढळला, तर पुढचं अक्षर वाचायची गरज उरत नाही. पाकिस्तानात 2017 साली पनामा प्रकरणाच्या चौकशीत असंच झालं. फेब्रुवारी 2006 ची तारीख असलेला ट्रस्टचा एक दस्त कॅलिब्री या अक्षरवळणात छापलेला निघाला, आणि हे वळण सर्वसामान्यांच्या हाती आलं ते जानेवारी 2007 अखेर, विंडोज व्हिस्टा आणि ऑफिस 2007 बरोबर. त्याच्या चाचणी आवृत्त्या आधीपासून मिळत होत्या असा बचाव झाला, पण चौकशी पथकाच्या मनातला संशय काही गेला नाही. मजकूर, सह्या, साक्षीदार यांच्यावर वाद घालता येतो. छपाईच्या अक्षराचा विचार मागची तारीख घालणाऱ्याच्या सहसा मनातही येत नाही.

काकांच्या शेजारच्या मुलीनं मला तिचे नियम उघडून दाखवले. सर्वांत साधे नियम क्रमांकांचे. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांच्या गणितातून येतो. ही पद्धत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं 1969 मध्ये मांडली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ती हमखास पकडते. मनानं बारा आकडे ठोकून देणाऱ्याचा क्रमांक दहापैकी नऊ वेळा इथंच पडतो. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी', आणि व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला 27, गोव्याला 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. कोल्हापूरच्या दुकानाचं बिल आणि क्रमांक 29 नं सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकातला, असं आलं की नियम लागतो. सनदी लेखापालांच्या प्रमाणपत्रांवर 2019 पासून अठरा अक्षरांचा यूडीआयएन असतो. त्याचे पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या लेखापालाच्या सदस्य क्रमांकाचे. शिक्क्यातला सदस्य क्रमांक वेगळा असेल तर पुढं काही विचारायलाच नको.

पण क्रमांक बरोबर जुळला म्हणजे कागद खरा ठरला असं नाही. गणितात बसणारा आधार क्रमांक कुणीही तयार करू शकतो, किंवा दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून लावू शकतो. म्हणून पुढची पायरी: जिथून कागद निघाला तिथं जाऊन विचारणं. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये माहिती डिजिटल स्वाक्षरीसह असते. वरचं छापील नाव बदललं तरी कोड जुनंच नाव सांगतो. यूडीआयएन संकेतस्थळावर टाकून कुणालाही तपासता येतो. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचंही तसंच. पेशवाईत सनद खरी असेल तर तिची नोंद दफ्तरात, रोजकीर्दीत कुठंतरी सापडायला हवी, हा त्याचाच जुना प्रकार.

मला सगळ्यात आवडला तो बँक स्टेटमेंटचा नियम. प्रत्येक ओळीत आधीची शिल्लक, जमा, खर्च, नवी शिल्लक. 14,312 मधून 2,500 काढले, उरले 11,812. एखाद्यानं 26,500 चा पगार 56,500 केला तर त्याखालच्या सहा महिन्यांच्या सगळ्या शिलका त्याला बदलाव्या लागतात. हल्ली ते करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, त्यामुळे बेरजेत माणूस सापडेनासा झालाय. काकांनी मग एका स्टेटमेंटातली व्याजाची ओळ दाखवली. बचत खात्यावर रोजच्या शिलकीनं व्याज निघतं आणि बहुतेक बँका ते दर तीन महिन्यांनी जमा करतात. त्या स्टेटमेंटात खात्यावर सरासरी दोन लाख दिसत होते. तीन टक्क्यांनी तिमाहीचं व्याज व्हायला हवं दीड हजार. जमा झालं होतं 212. म्हणजे खात्यात खरे पैसे होते अठ्ठावीस हजारांच्या आसपास. पगार, शिल्लक, एकूण बेरीज, सगळं त्यानं फुगवलं होतं आणि व्याजाची एवढीशी ओळ तशीच राहिली होती. मुलीनं तो नियम लिहिला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. तीस वर्षं जे नुसतं नजरेत होतं ते पहिल्यांदाच कुठंतरी लिहून ठेवलं जात होतं.

फाइलच्या पोटातही खुणा असतात. पीडीएफ कधी तयार झाली, कशात तयार झाली, नंतर कधी बदलली, हे तिच्यातच लिहिलेलं असतं. दुरुस्ती करून जतन केली तर पुष्कळदा जुना मजकूर खोडला जात नाही, नवा भाग फाइलच्या शेवटी जोडला जातो, आणि जाणकाराला दोन्ही वाचता येतात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फोटो सजवण्याच्या सॉफ्टवेअरचं नाव आलं की फाइल बाजूला पडते.

इथं मी मुलीला विचारलं, "आणि पासवर्ड काढला असेल तर?" बँका स्टेटमेंट पासवर्ड लावून पाठवतात. कर्जाचा एजंट म्हणतो, पासवर्ड काढून पाठवा. साधा माणूस ती उघडतो, पुन्हा 'प्रिंट' करून नवी पीडीएफ बनवतो, नाहीतर नातवाकडून फोटो काढून घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवतो. यंत्राच्या लेखी या फाइलवर हात फिरलेला आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सुरुवातीला मी त्याला संशयाचे शंभरपैकी साठ गुण दिले होते. एका आठवड्यात निम्म्या फायली अडकल्या. आता दहा देते, आणि दुसरा नियम सोबत लागला तरच."

मला वाटतं या विषयाचं मर्म तिच्या या वाक्यात आहे. समजा दहा हजार अर्जांत शंभर बनावट आहेत. तुमचा नियम त्यातले नव्वद पकडतो, आणि खऱ्या नऊ हजार नऊशेंपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून अडकवतो. ऐकायला उत्तम. पण हिशेब मांडा: पकडलेले नव्वद, आणि चुकून अडकलेले चारशे पंच्याण्णव. बाजूला पडलेल्या ढिगातला दर सहावा-सातवा माणूसच लबाड आहे, बाकीचे निरपराध. ज्या कार्यालयात हा ढीग पुन्हा उघडणारा माणूस नाही, तिथं हे चारशे पंच्याण्णव जण 'कागदपत्रांत त्रुटी' एवढा एक निरोप घेऊन घरी बसतात. घराचा इसार गेलेला असतो. का नाकारलं हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

नियम शिळेही होतात. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिलांना दरमहा पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. आधी ही मर्यादा दहा हजार होती. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, जुना नियम तसाच चालू राहिला. पगार अठरा हजार आणि कर शून्य, म्हणजे स्लिप संशयास्पद. दुकानांत काम करणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या खऱ्या स्लिपा त्या महिन्यांत बाजूला पडत राहिल्या, आणि काही आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरा असाच नियम: पगार रविवारी जमा झाला तर संशय घ्या. एके काळी तो योग्य होता. रिझर्व्ह बँकेनं 1 ऑगस्ट 2021 पासून पगारासारख्या रकमा एकगठ्ठा जमा करणारी नॅचची व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस चालू केली, आणि त्या दिवशी तो नियम मेला. मेलेला नियम यंत्र स्वतःहून पुरत नाही. या कार्यालयात आता प्रत्येक नियमापुढे तो कुणी सांगितला, कशाच्या आधारावर, कधी लिहिला आणि पुन्हा कधी तपासायचा, हे चार रकाने आहेत. नवा नियम आधी महिनाभर मुका चालतो: फाइल अडवत नाही, फक्त आपण कुणाला अडवलं असतं याची यादी देतो. ती यादी काका हातानं तपासतात.

आणि नावं. नावांपुढे हे सगळं शास्त्र हात टेकतं. चव्हाण हे आडनाव रोमन लिपीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी एकाच फाइलमध्ये पाहिलं. ज्ञानेश्वर कुठं 'डी'नं सुरू होतो, कुठं 'जी'नं, क्वचित 'जे'नं. उच्चारावरून नावं जुळवणारी साउंडेक्स ही पद्धत अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी तिथल्या नावांसाठी तयार झाली. ती नावाचं पहिलं अक्षर तसंच धरून ठेवते, त्यामुळे तिच्या दृष्टीनं हे तीन ज्ञानेश्वर म्हणजे तीन वेगळी माणसं. शिवाय आपलं मधलं नाव. कुठं वडिलांचं पूर्ण, कुठं एकच अक्षर, कुठं आडनाव आधी. हे बघून माझा जीव खालीवर होत होता, कारण चुकीच्या स्पेलिंगची शिक्षा ज्याला होते त्यानं ते स्पेलिंग केलेलं नसतं. शाळेच्या दाखल्यावर, आधार केंद्रात, शिधापत्रिकेवर ते दुसऱ्याच कुणीतरी घाईत टाइप केलेलं असतं.

नियम नुसताच राबवला की काय होतं, हे महाराष्ट्रानं एकदा मोठ्या प्रमाणावर भोगलेलं आहे. 1852 च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले. इनामदारानं सनद दाखवायची, कमिशनच्या लोकांनी ती पुण्यातल्या पेशवे दफ्तराशी ताडून बघायची. बनावट सनदा होत्या, यात शंका नाही. पेशवाई बुडाल्यावरच्या धांदलीत त्या बनल्या होत्या. पण ज्यांच्या सनदा वाळवीनं खाल्ल्या, आगीत, लुटीत गेल्या, भाऊबंदकीत दुसऱ्याच घरात राहिल्या, त्यांनाही तोच नियम लागला. शाबीत करायचं ओझं धारकावर. हजारो इनामं गेली, आणि 1857 च्या आधीच्या असंतोषाची कारणं सांगताना इतिहासकार या कमिशनचं नाव घेतात. आपले लोकहितवादी या खात्यात नोकरीला होते. कागद मागणारं सरकार आणि कागद नसलेला माणूस या दोघांच्या मध्ये उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांनी अगदी जवळून पाहिलं असणार.

चौथ्या दिवशी दुपारी एक फाइल आली. हडपसरकडची एक परिचारिका, एका खोलीच्या घरासाठी कर्ज. यंत्रानं तिला बहात्तर गुण दिले होते. साठाच्या वर गेलं की फाइल अडते. पॅनचं पाचवं अक्षर 'के', आडनाव 'एस'नं सुरू होणारं. दहावीच्या गुणपत्रिकेवर पहिलं नावच वेगळं. आधारवर मधलं नाव तिसरंच. कागदावरून बघितलं तर तीन बायका.

काकांनी फोन लावला. "ताई, कर्जाच्या कागदांबद्दल बोलतोय. माहेरचं आडनाव काय तुमचं?"

पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. मग आवाज आला, "नाकारलं का, सर?"

"नाही हो ताई. नाकारलं असतं तर फोन कशाला केला असता? पॅन लग्नाआधी काढलाय का?"

लग्नाआधीच काढला होता. पॅनचा क्रमांक नाव बदललं तरी बदलत नाही. पाचवं अक्षर माहेरचंच राहतं. पहिलं नाव सासरी बदललेलं. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. ती ड्यूटीवर होती, मागं कुणाला तरी सलाइन संपल्याचं ओरडून सांगणारा आवाज येत होता. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे म्हणाली, संध्याकाळी घरी गेल्यावर फोटो पाठवते म्हणाली.

मुलगी ऐकत होती. तिनं विचारलं, "काका, लग्न झालेल्या बाईचा पॅन असेल तर पाचव्या अक्षराला गुणच द्यायचे नाहीत?"

"गुण नको देऊस. फाइल अडवायची नाही, विवाह प्रमाणपत्र मागायचं. आणि मागताना कशासाठी मागतोय ते मराठीत लिही, दोन ओळींत. त्रुटी वगैरे शब्द नकोत."

तिनं टाइप केलं, आधाराच्या रकान्यात तो फोन आणि ती तारीख लिहिली. पुन्हा तपासणीच्या रकान्यात एक महिन्यानंतरची तारीख घातली. मग मागच्या तीन महिन्यांच्या अडवलेल्या फायली तिनं या एका नियमासाठी पुन्हा काढल्या. पडद्यावर यादी आली. काकांनी चष्मा पुसला, पहिला नंबर बघितला आणि फोन उचलला.